ठिपका घरावर पडतो

गेल्या गणपतीत आमच्याकडे आरतीला आलेले एक स्नेही जेवणं आटोपल्यावर बैठकीत टेकले आणि बोलता बोलता विषय करोनाच्या दिवसांवर गेला. ते ओकव्हिलला राहतात. आम्ही ब्रॅम्प्टनच्या ईशान्य कोपऱ्यात, गोअर रोडजवळ. त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलेला एक नकाशा काढला. आमचं ब्रॅम्प्टन ज्यात येतं त्या पील विभागाचा, पोस्टल कोडप्रमाणे रंगवलेला, २०२१ च्या वसंतातला. सगळ्यात गडद रंग आमच्या कोपऱ्यावर होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मी काही बोलत नाही, नकाशाच बोलतोय. एकेका घरात दहा-दहा माणसं, लग्नं थांबवली नाहीत, दिवाळी थांबवली नाही. मग दुसरं काय होणार?"

समोर माझी आई बसली होती. आमच्या बेसमेंटमध्ये राहणारा जळगावचा मुलगा प्रसादाची वाटी हातात घेऊन जिन्यात उभा होता. तो काही न बोलता खाली निघून गेला. मीही गप्प बसलो, कारण आरतीला आलेल्या माणसाशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. पण हे वाक्य मी त्यांच्या एकट्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, रेडिओवर ऐकलंय, आणि सर्वांत वाईट म्हणजे आमच्याच गल्लीतल्या लोकांनी स्वतःबद्दल ते खरं मानलेलं पाहिलंय. म्हणून त्याचं उत्तर लिहून देतो आहे. त्या नकाशाबद्दल माझी तक्रार नाही. आकडे खरे होते. तक्रार आहे ती त्या नकाशाच्या तोंडी घातलेल्या वाक्याबद्दल.

मी वीस वर्षं नकाशांचं काम करतो. रोगांचे नव्हे, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचे. या कामात पहिल्या वर्षी शिकलेली गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. एका घराच्या बेसमेंटमध्ये पाणी झिरपतं अशी तक्रार होती. आम्ही गेलो तेव्हा घरमालकीणबाई भिजलेला गालिचा गुंडाळत होत्या. भिंतीच्या तळाशी ओलीचा पट्टा, कोपऱ्यात ओला पुठ्ठा, खोलीभर कुबट वास. बाईंच्या शेजाऱ्यांचं म्हणणं होतं की यांनीच काहीतरी तोडफोड करून ठेवली असणार. आमच्या नोंदवहीत तक्रारीचा ठिपका त्यांच्या घरावर पडला. फट सापडली ती चार घरं वर, रस्त्याखालच्या नळाला. नळाभोवती खडी भरलेली असते. पाणी त्या खडीतून उताराने वाहत आलं आणि जिथे तळघर सगळ्यात खोल होतं तिथे बाहेर पडलं. बाईंनी काहीच केलं नव्हतं. त्यांचं घर उताराच्या खालच्या टोकाला होतं, इतकंच.

रोगाचा नकाशा कसा तयार होतो ते बघा. माणूस चाचणीला जातो, पत्ता सांगतो, प्रयोगशाळेचा निकाल त्या पत्त्याशी जोडला जातो. पत्त्यातल्या पोस्टल कोडची पहिली तीन अक्षरं घेतली की एक भाग ठरतो. कॅनडाच्या आमच्या ऑन्टारियो प्रांतात असे पाचशेच्या वर भाग आहेत. त्या भागातले रुग्ण मोजायचे, तिथल्या लोकसंख्येने भागायचे, आणि येईल त्या दराप्रमाणे रंग भरायचा. पद्धत चोख आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण या सगळ्या साखळीत माणूस कुठे आजारी पडला हे कोणी विचारलेलंच नाही. तो रात्री कुठे झोपतो एवढंच विचारलंय. ठिपका पडतो तो अंथरुणावर.

हे ज्याने सगळ्यात आधी ओळखलं त्याचंच नाव या शास्त्राचे लोक आदराने घेतात. लंडनचा डॉक्टर जॉन स्नो. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात कॉलरा फुटला आणि दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. स्नोला मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती दाटलेले दिसले, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, आणि पुढे त्याने ते मृत्यू नकाशावर मांडले. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. पण स्नोचा खरा पुरावा पंपाभोवतीच्या गर्दीत नव्हता. तेव्हाचे बहुतेक डॉक्टर म्हणत होते की या वस्तीची हवाच नासकी आहे, आणि त्या ठिपक्यांवरून तेही म्हणणं सिद्ध करता आलं असतं! स्नोला उत्तर मिळालं ते गर्दीत न बसणाऱ्या माणसांपाशी. कित्येक मैलांवरच्या हॅम्पस्टेडला एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने गेली. तिथे साथ नव्हती. स्नोने तिच्या मुलाकडे चौकशी केली. कळलं ते असं की बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायच्या, तिथल्या पाण्याची चव त्यांना आवडायची, म्हणून रोज गाडीबरोबर त्यांच्यासाठी त्या पंपाचं बाटलीभर पाणी जायचं. त्यांची इस्लिंग्टनची भाची भेटायला आली, तेच पाणी प्याली, परत गेली आणि तीही मेली. उलट पंपाच्या अगदी जवळ पोलंड स्ट्रीटवर गरिबांचं वर्कहाउस होतं, ५३५ माणसांचं. तिथे फक्त पाच दगावले, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूच्या भट्टीतल्या सत्तरच्या आसपास कामगारांपैकी एकही गेला नाही; ते पंपावर जातच नसत.

म्हणजे मेलेल्याचा पत्ता हॅम्पस्टेड, आणि आजाराचा पत्ता ब्रॉड स्ट्रीट. स्नो ठिपक्यांवर थांबला असता तर सोहोच्या गरिबांच्या राहणीवर एक व्याख्यान देऊन मोकळा झाला असता. तो थांबला नाही. त्याने दारं ठोठावली आणि विचारलं, पाणी कुठलं पिता? आमच्या स्नेह्यांनी आमच्या गल्लीला असा एकही प्रश्न विचारला नाही.

विचारला असता तर कळलं असतं. आमच्या कोपऱ्यातली घरं बाहेरून मोठी दिसतात, दारात तीन-चार गाड्या असतात. सरासरी काढली तर घराचं उत्पन्नही बरं निघतं. पण त्या उत्पन्नात चार-पाच जणांची मजुरी असते. पहाटे पाचला क्वीन स्ट्रीटच्या बसथांब्यावर उभं राहिलं की ही माणसं दिसतात. कोणी पिअर्सन विमानतळावर सामान चढवतो, कोणी ट्रक चालवतो, कोणी थंड गोदामात मांसाची खोकी भरतो, कोणी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते. सगळा देश घरात बसून ऑनलाइन मागवत होता तेव्हा ती खोकी भरायला कोणीतरी जात होतं. ओकव्हिलच्या दारात येऊन पडलेलं पार्सल याच कोपऱ्यातल्या कोणाच्या तरी हातून गेलेलं होतं.

१२ मार्च २०२१ रोजी पीलच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने हेरिटेज रोडवरचं अ‍ॅमेझॉनचं वेअरहाउस बंद करायचा आदेश दिला. तिथे पाच हजारांच्या आसपास लोक काम करत होते, आणि आधीच्या ऑक्टोबरपासून सहाशेहून जास्त रुग्ण त्या एका जागेशी जोडले गेले होते. कंपनीला आदेश मान्य नव्हता, तरी तो लागू झाला. आता हे सहाशे ठिपके नकाशावर कुठे पडले असतील? त्या वेअरहाउसवर एकही नाही. ते विखुरले कामगारांच्या घरांवर, आमच्यासारख्या गल्ल्यांवर. वेअरहाउस ज्या जागी उभं होतं तिथे नकाशात त्याची खूण उमटली नाही.

पीलच्या त्याच विभागाने २०२० च्या ऑगस्टपासून २०२१ च्या जानेवारीपर्यंतच्या हजारो रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा लक्षणं असताना कामावर गेलेल्यांचं प्रमाण सुमारे चौघांमागे एक निघालं. हे बेफिकीर लोक होते का? ऑन्टारियोत कायद्याने मिळणाऱ्या दोन पगारी आजारी रजा डग फोर्ड सरकारने २०१८ मध्ये काढून घेतल्या होत्या. केंद्राची मदत होती, पण अर्धा आठवडा बुडाल्याशिवाय ती मिळत नव्हती, आणि मिळायची ती अर्ज करून, नंतर. प्रांताने तीन पगारी दिवस जाहीर केले ते २८ एप्रिल २०२१ रोजी. तिसरी लाट तोवर शिगेला पोहोचलेली होती.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. तो जळगावचा मुलगा तेव्हा एका एजन्सीमार्फत रात्रपाळीला जायचा. त्या वेळी बस नसते, म्हणून चौघं मिळून एका गाडीतून जायचे, काचा बंद करून, कारण बाहेर उणे बारा. त्याला एका संध्याकाळी कणकण जाणवली. त्याने एजन्सीला फोन केला. पलीकडून शांतपणे सांगण्यात आलं की दोन पाळ्या चुकल्या तर यादीत नाव राहील याची खात्री नाही. तो गेला. चौथ्या दिवशी तो झोपून होता, सहाव्या दिवशी मी आणि बायको, आठव्या दिवशी आई. आई अकरा दिवस रुग्णालयात होती, ऑक्सिजनवर. तो मुलगा दारापलीकडून रोज विचारायचा, "काका, आजी कशा आहेत?" आणि मी बरं आहे म्हणालो तरी तिथेच उभा राहायचा. नकाशावर आमच्या घरावर चार ठिपके पडले. एजन्सीच्या कचेरीवर एकही नाही.

आता दिवाळीचं बघू, कारण सगळ्यात जास्त बोट तिच्याकडे दाखवलं जातं. २०२० ची दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. पील विभाग ७ नोव्हेंबरला, म्हणजे आठवडाभर आधी, प्रांताच्या करोना निर्बंधांच्या 'लाल' श्रेणीत गेला, आणि त्या दिवशी त्या श्रेणीत तो एकटाच होता. आजार अंगात दिसायला दिवस लागतात, चाचणीला दिवस लागतात, निकालाला दिवस लागतात. १४ तारखेच्या फराळाने ७ तारखेचे आकडे वाढवले असं म्हणायचं असेल तर पंचांगच उलटं धरावं लागेल. त्याच्या महिनाभर आधी, १२ ऑक्टोबरला, थँक्सगिव्हिंग होतं. टर्की कापायला किती घरांत किती पाहुणे जमले याची चर्चा कोणा पुढाऱ्याने एखाद्या समाजाचं नाव घेऊन केल्याचं मला आठवत नाही.

मात्र आपल्याबाबतीत ती झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये अल्बर्टा प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर जेसन केनी यांनी कॅलगरीच्या रेड एफएमवर दक्षिण आशियाई समाजाला मोठी कुटुंबं आणि घरगुती समारंभ यांवरून समजावलं. ईशान्य कॅलगरीचा नकाशा तेव्हा गडद होता. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये कॅलगरीच्या दक्षिणेला, हाय रिव्हरच्या कारगिल मांस कारखान्यात, दोन हजारांतल्या नऊशेहून जास्त कामगारांना लागण झाली होती. यातले बरेच राहायला ईशान्य कॅलगरीतच. बोगद्यासारख्या शेडमध्ये खांद्याला खांदा लावून मांस कापणाऱ्यांचा आजार त्यांच्या स्वयंपाकघराच्या नावावर मांडला गेला.

एकत्र कुटुंबाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. आमच्या घरात एकाचा आजार चौघांत गेलाच. घर भरलेलं असेल तर लागण जास्त पसरते हे खरं आहे, लग्नंही काही झाली, नियम मोडून झाली, आणि ज्यांनी ती केली त्यांनी चूक केली. पण घरात आजार दुप्पट-चौपट होतो, तो घरात उगवत नाही. कोणीतरी तो बाहेरून आणतो. आणि कॅनडात माणसं खच्चून राहिल्याने मेली अशी सगळ्यात मोठी जागा ब्रॅम्प्टनची घरं नव्हती. पहिल्या लाटेत देशातल्या एकूण करोना मृत्यूंपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मृत्यू वृद्धाश्रमांत झाले. एका खोलीत चार खाटा, मध्ये पडदा. तिथे म्हाताऱ्यांच्या संस्कृतीला कोणी दोष दिला नाही. खोल्या, खाटा, तपासण्या, अपुरे कर्मचारी यांना दिला, आणि योग्य दिला. तोच न्याय आम्हाला लावा, एवढंच मागणं आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला खेटून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. पण बोट रोखलं गेलं ते तिथल्या माणसांच्या घाणेरड्या सवयींवर आणि कोंदट खोल्यांवर. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभारात सोजीर घरात शिरले, सामान बाहेर फेकलं, बायाबापड्यांना उघड्यावर तपासलं, आणि २२ जून १८९७ ला त्याचं काय झालं हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरची पिसू पकडली ती १८९८ मध्ये. तोवर दोन वर्षं सरकार घरं धूत होतं आणि माणसं हाकलत होतं. धान्याच्या पोत्यांत उंदीर होते. ती पोती ज्यांच्या मालकीची होती त्यांच्या अब्रूला धक्का लागला नाही, पोती वाहणाऱ्यांच्या लागला. आमचे स्नेही पुण्याचे. सदाशिवात वाढलेले. ही गोष्ट त्यांना माझ्याहून चांगली माहीत आहे, म्हणून तर त्यांचं बोट मला जास्त लागलं.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी दोन शब्द, कारण माझं इतकं बोलणं ऐकून ते खूश होतात आणि म्हणतात, "बरोबर, असे नकाशे छापूच नयेत. बदनामीशिवाय त्यातून काय मिळतं?" त्यांची भीती पोकळ नाही. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात सरकारी पत्रकार परिषदेत नॉर्थ प्रेस्टन, ईस्ट प्रेस्टन या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांची नावं घेतली गेली आणि वर तिथल्या काही जणांना बेजबाबदार म्हटलं गेलं. त्या लोकांच्या मनाला ते किती लागलं असेल याची कल्पना मला करता येते. पण तिथे नकाशा नव्हता. दर नव्हता, तुलना नव्हती, चाचण्या किती झाल्या ते नव्हतं. नाव होतं आणि रागावणं होतं. नकाशावर नाराज होण्यापेक्षा त्या रागावण्यावर नाराज व्हायला हवं.

उलट नकाशा नसता तर काय झालं असतं ते ऑन्टारियोने पाहिलंय. एप्रिल २०२० मध्ये प्रांताचे मुख्य आरोग्य अधिकारी डॉ. डेव्हिड विल्यम्स यांनी वंशाप्रमाणे माहिती गोळा करायची गरज नाही असं सांगितलं; सगळे रुग्ण सारखेच महत्त्वाचे, असा त्यांचा सूर होता. ऐकायला किती चांगलं वाटतं! मेअखेरीस टोरांटोने आपल्या तेव्हाच्या १४० वस्त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा वायव्य टोकाचा जेन-फिंच, ब्लॅक क्रीकचा पट्टा गडद निघाला आणि मधल्या श्रीमंत वस्त्या फिकट. मग टोरांटोने रुग्णांना विचारायला सुरुवात केली. जुलैपर्यंतच्या माहितीत ८३ टक्के रुग्ण गोरेतर निघाले, शहरात त्यांची संख्या ५२ टक्के असताना. कमी उत्पन्नाच्या घरांतले ५१ टक्के, शहरात त्यांचा वाटा ३० टक्के असताना. सगळे सारखेच असं म्हणत राहिलो असतो तर हे कायमचं झाकलेलं राहिलं असतं.

आणि जेन-फिंचचं तर जुनं दुखणं. २००७ मध्ये टोरांटोच्या सेंट मायकल्स हॉस्पिटल आणि आयसीईएस या संशोधन संस्थेच्या मंडळींनी, रिचर्ड ग्लेझियर, गिलियन बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शहराचा मधुमेहाचा जाडजूड नकाशासंग्रह काढला होता. त्यात मधुमेह दाट दिसला तो वायव्येला आणि पूर्वेला. त्यांनी नुसता रंग भरून सोडून दिलं नाही. चालत जाता येतील अशी दुकानं कुठे, ताजी भाजी कुठे मिळते, बस किती, उद्यान किती लांब, दवाखाना किती लांब, हे सगळं त्याच नकाशावर एकावर एक ठेवून पाहिलं. ज्या वस्त्यांत गाडीशिवाय भाजी आणता येत नाही, तिथे मधुमेह जास्त. तेरा वर्षांनी करोनाचा नकाशा आला आणि वायव्येचा तोच कोपरा पुन्हा गडद. दोन वेगळे रोग, एक न बदललेला पत्ता. लोकांची 'संस्कृती' एकाच वेळी साखरही वाढवते आणि विषाणूही आणते असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मला तिथे फुटलेला नळ दिसतो.

नकाशाचा उपयोग झाला तो लसीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑन्टारियोच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळाने सांगितलं की लस नुसती वयाप्रमाणे न देता वय आणि वस्ती या दोन्हींप्रमाणे द्या. पण एप्रिलपर्यंत विचित्र चित्र तयार झालं होतं. जेन-फिंचच्या एम३एन या भागात रोग खूप जास्त आणि लस खूप कमी. फिकट रंगाच्या श्रीमंत भागात नेमकं उलटं. एप्रिलमध्ये ११४ पोस्टल कोड 'हॉटस्पॉट' ठरले, तिथे अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, आणि मे महिन्यात दोन आठवडे प्रांतातली निम्मी लस त्यांच्याकडे वळवली गेली. गोअर रोडवरच्या लग्नाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये लसीकरण केंद्र झालं. ज्या झुंबरांखाली लग्नं लागतात म्हणून आमची नालस्ती झाली, त्याच झुंबरांखाली आम्ही दंड उघडे करून बसलो. मी तिथे एका ट्रकवाल्याच्या मागे रांगेत होतो. त्याने मध्येच फोनवर कोणाला तरी सांगितलं, "सुई लागली की थेट गाडीवर निघतो." विश्रांतीची पंधरा मिनिटं संपायच्या आत तो उठून गेला.

त्या ११४ मध्येही घोळ होता. त्यातल्या पाच भागांत लागण प्रांताच्या सरासरीपेक्षाही कमी होती, आणि ते यादीत कसे आले याचं समाधानकारक उत्तर लोकांना मिळालं नाही. पोस्टल कोड तर टपाल वाटायला आखलेले. त्यांची रेघ एखाद्या वस्तीच्या मधूनच जाते, अर्धी गरीब चाळ श्रीमंत सरासरीत विरून जाते. शिवाय नकाशावर यायचं तर आधी चाचणी व्हावी लागते. ब्रॅम्प्टनच्या नगर परिषदेने साथ येण्याच्याही आधी, जानेवारी २०२० मध्ये, आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. सहा लाखांहून मोठ्या शहराला एकच पूर्ण रुग्णालय होतं. चाचणीला तासन् तास रांग लावायची तर पाळी बुडते. न झालेल्या चाचणीला रंग नसतो. मुंबईत जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन विभागांत लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्क्यांच्या अंगात करोनाच्या खुणा सापडल्या आणि इमारतींत १६ टक्क्यांच्या. रोजच्या सरकारी आकड्यांतून हे प्रमाण कोणाला दिसलं नव्हतं. म्हणून नकाशा पुसून टाका असं मी म्हणणार नाही. अर्धवट नकाशा पूर्ण करा म्हणेन.

पूर्ण म्हणजे काय, तेही सांगतो. टोरांटोने वस्त्यांची नावं मे २०२० मध्ये छापली. साथ पसरलेल्या कामाच्या ठिकाणांची नावं छापायला सुरुवात केली ती जानेवारी २०२१ मध्ये. सात-आठ महिने शहराला रोग कुठे झोपतो हे माहीत होतं, कुठे कामाला जातो हे माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी छापलं नव्हतं. एखाद्या वस्तीचं नाव बदनाम व्हायला सहज चालतं, कंपनीचं नाव घ्यायला मात्र वकिलांना विचारावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये पीलचे तेव्हाचे आरोग्य अधिकारी डॉ. लॉरेन्स लोह यांनी आणि पाठोपाठ टोरांटोने हुकूम काढला की जिथे पाच किंवा जास्त जोडलेले रुग्ण सापडतील ते कामाचं ठिकाण दहा दिवस बंद ठेवता येईल. हा हुकूम म्हणजे स्नोने काढायला लावलेला पंपाचा दांडा होता. तो इतक्या उशिरा निघाला यावर मराठीत, पंजाबीत, तमिळमध्ये जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही, कारण आम्ही सगळे आमच्या दिवाळीचं समर्थन करण्यात गुंतलो होतो.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी मी त्या जळगावच्या मुलाला वर चहाला बोलावलं. टेबलावर ब्रॅम्प्टनचा मोठा कागदी नकाशा पसरला आणि त्याला म्हटलं, तुला कणकण आली त्या आठवड्यात तू कुठे कुठे गेलास ते दाखव. आधी तो लाजला. मग पेन्सिल घेतली. आमच्या घरावर एक टिंब. तिथून रेघ त्या गॅस स्टेशनपर्यंत जिथे चौघं गाडीत बसायचे. तिथून वेअरहाउस. आत लॉकरची खोली, तिथे वीस जण एकदम कपडे बदलायचे. ती त्याने कोपऱ्यात वेगळा चौकोन काढून दाखवली. जेवायची खोली, तिला खिडकी नाही. मग परत गाडी, परत घर. सात दिवसांच्या सात रेघा एकमेकींवर चढल्या आणि वेअरहाउसच्या जागी कागद पेन्सिलीने काळा झाला. आमच्या घरावर एकच टिंब होतं. आई चष्मा लावून वाकून बघत होती. तिने त्याला विचारलं, "आणि जेवायला काय न्यायचास रे?" तो म्हणाला, "तुम्हीच द्यायच्या ना, आजी. पोळी-भाजी."